हालकुडे आप्पांचा स्वतंत्र कट्टा

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक असलेले रामलिंग हालकुडे, वय वर्षे त्रेपन्न, यांनी आयुष्यात एकदाही हिंसाचाराला चिथावणी दिली नव्हती. स्वतःच्या लग्नात मेहुण्यांनी बूट लपवले तेव्हा ते मुकाट्यानं चपला घालून वरातीत बसले होते. त्यामुळे एप्रिलातल्या एका मंगळवारी पावणेअकरा वाजता, एका हातात ब्युरेट आणि दुसऱ्या हातात मोबाईल अशा अवस्थेत त्यांनी ‘आपला गट हिंसाचाराला चिथावणी देत असल्याने कायमचा बंद करण्यात येत आहे’ हा संदेश वाचला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं, हा निरोप चुकून आपल्याकडे आला, प्राचार्यांचा असेल.

पण निरोप त्यांचाच होता. सहा वर्षांपूर्वी त्यांनी एका बलाढ्य कंपनीच्या मंचावर ‘लातूर-नांदेडचा शब्दकट्टा’ नावाचा गट काढला होता. (कंपनीचं नाव इथं घेत नाही. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे आणि आप्पांकडे वकील म्हणून एकच साडू, तोही तारखा घेण्यात पटाईत.) गटाचं काम साधं. आपल्या भागातले मागं पडत चाललेले शब्द लोकांनी लिहायचे, अर्थ सांगायचा, आणि अर्थावरून भांडायचं. माळवं म्हणजे भाजीपाला, बाटुक म्हणजे जनावरांचा हिरवा चारा, असं करत करत एकोणतीसशे शब्द जमले आणि त्रेचाळीसशे सभासद झाले. महाविद्यालयात प्राध्यापक मंडळी आप्पांना ‘हालकुडे, जरा टेबल पुसून घ्या’ असं म्हणत. गटावर मात्र पुण्याचे डॉक्टर आणि मुंबईचे इंजिनियर ‘आप्पा, ह्याचा अर्थ सांगता का?’ असं अदबीनं विचारत. माणसाला दिवसातून एकदा तरी अदबीनं विचारलं गेलं पाहिजे. ब जीवनसत्त्वासारखंच आहे ते.

तर गुन्हा काय घडला होता? रेणापूर तालुक्यातल्या भामाबाई सूर्यवंशी, वय चौऱ्याहत्तर, ह्या गटाच्या सगळ्यात दांडग्या सभासद. त्या तोंडानं सांगायच्या आणि त्यांची सून सिंधु टाईप करायची. सोमवारी त्यांनी सांगितलं होतं : ‘पोरगं लई दंगा करायलं की आमी म्हनायचो, मुडदा बशिवला तुजा, ये जेवाय.’ कंपनीच्या यंत्रानं त्यातले ‘मुडदा बशिवला तुजा’ हे तीन शब्द वाचले आणि ती जिवे मारण्याची धमकी ठरवली. शेवटचे दोन शब्द वाचले असते तर यंत्राला कळलं असतं की ज्याचा मुडदा बसवायचा आहे त्याला आधी पोटभर जेवू घालायचं आहे. पण यंत्राला आई नसते.

आप्पांनी प्रयोगशाळेतच, मुलं आम्लात अल्कली मिसळत असताना, अपील लिहिलं. एकशेचाळीस शब्दांचं, सप्रमाण, शेवटी ‘आपला नम्र’. पाठवलं. चार सेकंदांत उत्तर आलं : ‘आम्ही आपले म्हणणे काळजीपूर्वक तपासले. निर्णय कायम आहे.’

नकाराचं आप्पांना काही वाटलं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला नकाराची सवय असते. त्यांना लागले ते चार सेकंद. आपल्याकडे कुठल्याही कचेरीत अर्ज फेटाळायचा तर निदान चार महिने लावतात. मधे दोनदा चहा होतो, साहेब दौऱ्यावर जातात, फाईल हरवते. माणसाचा मान म्हणून काही असतो. चार सेकंदांत तर माणूस शिंकसुद्धा नीट देत नाही.

दुपारी भामाबाईंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“आप्पा, सिंधु म्हनाली माज्यामुळं समदं बंद झालं. माजं नाव पोलिसात गेलं का रं?”

“न्हाई मावशी, तसं काई न्हाई.”

“धा लेकरं वाढिवली, पोटची अन् दिराची मिळून. कुनाला कदी वंगाळ बोलले न्हाई. आता ह्या वयात शिवीगाळ केली म्हनून नाव लागलं.” मग त्या म्हणाल्या, “मी नगं ऱ्हाते त्या कट्ट्यावर. माजं नाव काडून टाक, बाकीच्यायचं चालू दे.”

हे ऐकल्यावर आप्पा तापले. ते स्वभावानं भित्रे होते, पण भित्रा माणूस एकदा चिडला की त्याला थांबायचं कुठं ते माहीत नसतं.

“मावशी,” ते म्हणाले, “त्यायनी आपल्याला काडलं न्हाई. आपूनच निगालो. आपला सोताचा कट्टा बांधायलाव मी. पयला शब्द तुमचा.”

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की स्वतःचा कट्टा कसा बांधतात याची आपल्याला काडीइतकीही कल्पना नाही.

संध्याकाळपर्यंत वीरभद्र कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या बंगलीतले गुंडप्पा आण्णा हे निवृत्त मंडळ अधिकारी आणि कॉलनीच्या सोसायटीचे तहहयात सचिव. ते बनियनवर उपरणं टाकून आले, झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, “सोपं हाय. त्या बाईकडून माफीनामा लिहून घ्या. दोन साक्षीदार, तारीख, अंगठा. कंपनीला पाठवा.”

“आण्णा, गुन्हाच झाला न्हाई तर माफी कशाची?”

“गुन्हा झाला न झाला हा वेगळा मुद्दा. माफीनामा फाईलला लागलेला बरा असतोय.”

दुसऱ्या शेजाऱ्यानं नाव बदलून नवा गट काढायला सांगितलं. तिसऱ्यानं सगळे शब्द ‘शुद्ध’ मराठीत लिहा म्हणून सुचवलं. म्हणजे भामाबाईंनी पोराला ‘तुझं निधन होवो, भोजनास ये’ म्हणायचं. आप्पांच्या पत्नी महानंदा चहा देता देता एवढंच म्हणाल्या, “काय करायचं ती करा, पन घरात काई आनू नगा.” त्यांना नवऱ्याचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

आणि गुरुवारी नांदेडहून मारोतरावांचा फोन आला.

मारोती कदम हे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, गटाचे जुने सभासद. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, हे संगणक सांभाळत. त्यांचा आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा.

“आप्पा, काहून रडून राहिले तुम्ही? आपला फोरम काढू. सगळं फुकटात मिळते. मी घरी चालवून राहिलो दोन वर्षांपासून, एक्स्चेंजच्या जुन्या लोकांचा. एकोणीस जण आहेत, अन् त्यातले चौदा जिते आहेत.”

फोरम म्हणजे काय ते मारोतरावांनी दीड तास समजावलं. सार एवढंच, की आजवर आपण दुसऱ्याच्या ओसरीवर गप्पा मारत होतो. मालकाला वाटलं, त्यानं उठवलं. आता ओसरी आपली. नियम आपण करायचे, झाडू आपणच मारायचा. एक यंत्र सतत चालू ठेवायचं, त्याला म्हणायचं सर्व्हर, आणि ते कुणाच्या तरी घरी ठेवायचं.

“माझ्या घरी ठिवू,” मारोतराव म्हणाले. “नांदेडात.”

इथं आप्पा थबकले. विभागीय कार्यालय लातूरला की नांदेडला, यावरून या दोन गावांत किती वर्षं मोर्चे निघाले हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या थबकण्याचा अर्थ कळेल. शब्दकट्ट्याचं मुख्यालय नांदेडला जाऊ दिलं तर गुंडप्पा आण्णा कॉलनीत राहू देणार नाहीत. शेवटी तह झाला : यंत्र लातुरात, त्याचा पासवर्ड नांदेडात. म्हणजे कुणालाच एकट्याला काही करता येणार नाही. सगळे मोठे तह असेच असतात.

मारोतराव रविवारी बसनं आले. संगणक गादीच्या खोळीत गुंडाळून, वर पोतं, वर सुतळी. अहमदपूरला वाहकानं विचारलं, “काय हाय ह्याच्यात?” मारोतराव अभिमानानं म्हणाले, “सर्व्हर.” वाहकानं ऐकलं ‘सरबत’, आणि सांडलं तर भरपाई घेईन असा दम देऊन ते मांडीवर घ्यायला लावलं. लातूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा मारोतरावांच्या दोन्ही मांड्या बधिर झाल्या होत्या आणि ते बदकासारखे चालत आले.

यंत्र कुठं ठेवायचं यावर महानंदाबाईंनी तीन जागा नाकारल्या. देवघराशेजारी नको, कारण त्याचा पंखा घरघरतो आणि शिवपूजेत व्यत्यय येतो. स्वयंपाकघरात नको, कारण फोडणीचा ठसका त्याला सोसायचा नाही. बैठकीत नको, कारण ते दिसायला मेल्यासारखं दिसतं. शेवटी झोपायच्या खोलीत, लोखंडी कपाटावर. पण मे लागला होता, पारा बेचाळीसवर. कपाटावर यंत्र इतकं तापलं की महानंदाबाईंनी त्यावर कुरडया वाळत घालायचं गंभीरपणे सुचवलं. मारोतरावांनी फोनवरून फर्मावलं, “कूलर लावा त्याला!” घरात कूलर एकच. त्या दिवसापासून हालकुड्यांच्या घरात कूलरचं तोंड कपाटाकडे आणि नवरा-बायकोला छताचा पंखा. लातुरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि ते बादल्यांनी कूलरला पाजायचं. महानंदाबाई शेजारणींना सांगत, “सवत तरी बरी. ती निदान सोताचं पानी सोता घिती.”

एवढं झाल्यावर मारोतरावांनी सांगितलं की इंटरनेटला आता ‘स्थिर पत्ता’ लागेल, नाहीतर लोकांना कट्टा सापडायचा नाही. आप्पा इंटरनेटवाल्याच्या कार्यालयात गेले. तिथला तरुण अधिकारी मान वर न करता म्हणाला, “घरगुती ग्राहकाला स्थिर पत्ता मिळत नाही.”

“अहो, एकवीस वर्षं त्याच पत्त्यावर राहातोय. ह्याच्यापेक्षा स्थिर काय असतंय?”

अधिकाऱ्यानं मान वर केली, आप्पांकडे करुणेनं पाहिलं आणि व्यावसायिक जोडणीचा अर्ज पुढं सरकवला. त्यात विचारलं होतं, व्यवसाय कोणता? किराणा, कापड, दवाखाना, शिकवणी, इतर.

“शब्द जमवणं,” आप्पा म्हणाले.

“विकता का?”

“न्हाई.”

“मग व्यवसाय कसा?”

“इतर.”

‘इतर’साठी सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, असं निघालं. आणि सोसायटी म्हणजे गुंडप्पा आण्णा. त्यांनी आयुष्यभर लोकांना दाखले दिले होते आणि निवृत्तीनंतर गेली आठ वर्षं त्यांच्याकडे कुणी दाखला मागायला आलं नव्हतं. आप्पांनी ‘ना-हरकत’ हा शब्द उच्चारताच त्यांच्या चेहऱ्यावर दहा वर्षांनी तरुण झाल्याचं तेज आलं.

“देता यील,” ते म्हणाले. “पन आधी सभा. सात दिवसांची नोटीस. आक्षेप मागवावे लागतील.”

नोटीस लागली : ‘श्री. हालकुडे यांचे राहते घरी सर्व्हर उभारणेबाबत.’ उभारणे हा शब्द सगळ्यांनी वाचला आणि कॉलनीत बोभाटा झाला की हालकुडे गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभारतायत. सभेला कधी नव्हे ती सगळी कॉलनी आली. एकीनं विचारलं, त्यानं चिमण्या मरतात का. एकानं विचारलं, भाडं किती मिळतं आणि आमच्या गच्चीवर का नाही. महादेवी काकू कानानं जरा कमी. त्यांना ‘सर्व्हे’ ऐकू आलं आणि त्या जागेचा उतारा पिशवीत घालून आल्या होत्या.

आप्पा समजावत राहिले. शेवटी गुंडप्पा आण्णांनी हात वर केला आणि त्यांच्या मते निर्णायक असा प्रश्न टाकला : “ह्या फोरमचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?”

लोक हसले. पण आप्पांना हसू आलं नाही. दीड महिना त्यांना जे नीट सांगता येत नव्हतं ते या प्रश्नानं एकदम सुटं झालं.

“आण्णा, त्याच्यासाठीच चाललंय की हे समदं,” ते म्हणाले. “पयल्या ठिकानी आमी सा वर्षं नांगरलं, पेरलं, राखन केली. सातबारा बघितला तर आमचं नाव कुटंच न्हाई. आता हितं जो शब्द लिवील त्याचं नाव त्या शब्दावर लागंल. अन् मी मालक न्हाई. मी झाडू मारनारा.”

शेतीतून आलेली माणसं होती सगळी. सातबाऱ्याची भाषा त्यांना आतपर्यंत कळत होती. आण्णांनी घसा खाकरला. “हरकत न्हाई,” ते म्हणाले. “पन मला मानद सल्लागार करा.” आप्पांनी केलं. त्या पदापायी पुढे काय हाल भोगावे लागणार आहेत, याची तेव्हा त्यांना कल्पना नव्हती.

जूनच्या पहिल्या रविवारी उद्घाटन ठरलं. भामाबाई सुनेला घेऊन रेणापूरहून आल्या. इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, हातात वाटली डाळ भरलेला डबा. कपाटावरच्या यंत्राला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, कूलरलाही वाहिलं. मारोतराव नांदेडहून फोनवर होते. त्यांनी एक दक्षता घेतली होती. अशा कट्ट्यांवर माणसांच्या सोंगानं यंत्रं घुसतात आणि जाहिराती लावतात म्हणे. त्यांना अडवायला आत शिरताना प्रत्येकाला एक प्रश्न. मारोतरावांनी खास आपल्या मातीतला प्रश्न निवडला होता : ‘भाकरीचं पीठ लाकडाच्या कशात मळतात?’

आप्पांनी पहिला मान म्हणून स्वतः नाव नोंदवलं आणि लिहिलं, ‘काठवट’. पडद्यावर आलं : ‘चूक. तुम्ही यंत्र आहात.’

आप्पांनी पुन्हा लिहिलं, ‘परात’. ‘चूक. तुम्ही यंत्र आहात.’ तिसऱ्यांदा ‘काथवट’. आता पडद्यानं त्यांच्यावर एक तासाची बंदी घातली. सहा वर्षं शब्द जमवणारा, महिनाभर बिनकूलरचा झोपलेला माणूस आपल्याच घरात, आपल्याच कपाटावरच्या यंत्राकडून यंत्र ठरला होता.

“मारोतराव!” आप्पा फोनवर ओरडले. “उत्तर काय टाकलंय तुमी?”

“काटवट. ट ला ट. दुसरं काय असते?”

“लातुरात काठवट म्हनतात!”

“मग लातुरात चुकीचं म्हणून राहिले!”

त्यावर आण्णांनी सल्लागार या नात्यानं फोन हिसकावून घेतला आणि दोन्ही जिल्ह्यांचे संबंध पाऊण तास ताणले गेले. तोवर बाहेर निम्मं लातूर, अगदी हाडामांसाचं, दारात अडकून पडलं होतं. या गोंधळात सिंधुनं सासूबाईंना प्रश्न वाचून दाखवला. भामाबाई म्हणाल्या, “काटवट की. ह्यात इच्यारायचं काय?” सिंधुनं लिहिलं, आणि दार उघडलं.

आप्पांनी बजावलं होतं तसं भामाबाईंनी आपलंच वाक्य पहिलं लिहवलं. शब्दन् शब्द तेच, जेवायला बोलावण्यासकट. सिंधुनं ते पाठवलं आणि सगळे पडद्याकडे बघत राहिले. काही झालं नाही. धमकी नाही, चौकशी नाही, बंदी नाही. वाक्य तिथंच राहिलं.

“ऱ्हायलं की!” भामाबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात वीज गेली.

पुढच्या महिन्यात कट्टा रांगायला लागला. मारोतरावांनी कुरकुरत ‘काठवट’, ‘काथवट’ दोन्ही मान्य केलं; ‘परात’ मात्र नाही म्हणजे नाही. पण त्रेचाळीसशेतून आले किती? त्रेसष्ट. महाविद्यालयात एका प्राध्यापकानं विचारलं, “काय हालकुडे, तुमच्या त्या खासगी मंचावर हल्ली गर्दी फार असते म्हणे?” आप्पांनी टेबल पुसलं, पण नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात. आण्णाही झोपाळ्यावर बसून हिशेब मांडत, “आधी मोठी जत्रा होती, आता घरचा सत्यनारायण झाला.”

खरं सांगायचं तर आप्पांचं मन खात होतं. पूर्वी एखादा शब्द टाकला की शंभर अंगठे उठायचे. आता ‘बिगीनं’वर तीन माणसं बोलायची, पण ती तिघं दोन दिवस बोलायची, कुणी आजोबांची आठवण काढायचं, कुणी नांगराचं चित्र काढून टाकायचं. तरी पण शंभर ते शंभरच.

आणि अशात, जुलैच्या मध्यावर, कंपनीचा संदेश आला : ‘फेरतपासणीत आपला गट नियमांनुसार आढळला. तो पूर्ववत करण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल खेद आहे.’

त्रेचाळीसशे सभासद. एकोणतीसशे शब्द. सगळं जसंच्या तसं, जणू काही झालंच नव्हतं. कॉलनीत आनंद झाला. आण्णा म्हणाले, “जिंकलात! आता ह्या डबड्याला मोडीत घाला.” महानंदाबाईंची नजर कूलरवर जाऊन परत आली. आप्पांचाही अंगठा त्या गटाच्या दारावर तरंगत होता. अदबीनं विचारणारे डॉक्टर आत उभे होते. नुसतं दाबायचं होतं.

त्यांनी त्याऐवजी भामाबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“माफी मागाया कोन आलं?” भामाबाईंनी विचारलं.

“कुनी आलं न्हाई, मावशी. मशीननंच लिवलंय.”

“काडलं बी मशीननं, बोलिवलं बी मशीननं. उद्या पुना काडलं तर?”

“काडू शकतंय.”

पलीकडे भामाबाईंनी कोंबड्यांना हाकललं. मग म्हातारी म्हणाली, “मला जायचं आसंल तर जाईन, न जायचं तर न जाईन. माजं सोड. तुला काय वाटतंय ती सांग.”

हा प्रश्न आप्पांना तीन महिन्यांत कुणी विचारला नव्हता. सल्ले सगळ्यांनी दिले होते. त्यांनी कपाटाकडे बघितलं. यंत्र घरघरत होतं.

“मला तितं जायाचं न्हाई,” ते म्हणाले, आणि आपल्याच आवाजातल्या ठामपणानं दचकले.

मग त्रेसष्ट जणांनी काम वाटून घेतलं. कंपनीच्या मंचावरून शब्द उचलून द्यायची सोय नव्हती; आत जायला मोठं दार होतं आणि सामान बाहेर काढायला खिडकीसुद्धा नव्हती. हातानं उतरवायचं. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस-पन्नास शब्द. उदगीरच्या एका मास्तरांनी शंभर घेतले. किल्लारीच्या महिला बचत गटानं दीडशे घेतले आणि उतरवता उतरवता त्यात स्वतःचे अकरा घातले. ज्यानं शब्द दिला त्याचं नाव प्रत्येक शब्दापुढं लिहायचं, हा नियम. महानंदाबाईंनी तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी चष्मा लावला आणि म्हणाल्या, “सरका. तुमचं टाईप करनं बघून जीव वर येतोय.” त्यांनी एकटीनं दोनशे बारा शब्द उतरवले आणि एकोणीस ठिकाणी नवऱ्याचे अर्थ दुरुस्त केले.

ऑगस्टच्या एका रविवारी दुपारी शेवटचा शब्द उतरला. आप्पांनी जुन्या गटावर चार ओळी लिहिल्या : नवा पत्ता दिला, या म्हणाले, प्रश्नाचं उत्तर मात्र येत असलं पाहिजे म्हणाले. आठवडाभर वाट पाहिली. मग ‘गट कायमचा बंद करा’ हे बटण दाबलं. कंपनीनं विचारलं, ‘आपली खात्री आहे का? हा निर्णय बदलता येणार नाही.’

आप्पांनी मुद्दाम घड्याळ बघत चार सेकंद जाऊ दिले. काळजीपूर्वक तपासल्यासारखं केलं. आणि दाबलं.

आता कट्ट्यावर दोनशे आठ माणसं आहेत. पण गोष्ट इथं संपवली तर ती फार गोड होईल, आणि आपला कट्टा काढलेल्या माणसाचे दिवस गोड जात नाहीत. त्याला झाडू मारायचा असतो.

झालं असं की आप्पांनी ‘कोरड्यास’ या शब्दाचा अर्थ लिहिला होता, ‘कोरडी भाजी’. मानद सल्लागार गुंडप्पा आण्णांनी खाली लिहिलं, चूक, भाकरीला लावून खायचं ते पातळसुद्धा कोरड्यासच. आप्पांनी लिहिलं, बरोबर. दुसऱ्या दिवशी आण्णांनी कट्ट्यावर पाचशे शब्दांचा मजकूर टाकला. मथळा : ‘हालकुडे यांची मनमानी’. त्यात प्रयोगशाळेतल्या टेबलापासून कूलरपर्यंत सगळं होतं. शेवटी असंही होतं, की ज्या गृहस्थास कोरड्यास कळत नाही त्यानं शब्दकट्टा चालवणे ही मराठवाड्याची चेष्टा आहे.

मारोतरावांचा फोन आला. “आप्पा, वाचून राहिलो. डोकं फिरलं माझं. काढून टाकू? एक बटण दाबलं की गेलं.”

आप्पांनी मजकूर पुन्हा वाचला. बटण समोर होतं. कुणी विचारलं नसतं. चार सेकंदसुद्धा लागले नसते.

“न्हाई,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ द्या.”

सकाळी सात वाजता आण्णा दारात उभे. बनियनवर उपरणं, चेहऱ्यावर हुतात्म्याची कळा. आपला मजकूर काढून टाकल्याचा जाहीर निषेध करायची पूर्ण तयारी. आप्पांनी मोबाईल त्यांच्या हातात दिला. मजकूर जिथल्या तिथं होता. खाली एकोणतीस उत्तरं होती. काही आप्पांच्या बाजूनं, बरीचशी आण्णांच्या. शेवटी शेवटी भामाबाईंनी लिहवलं होतं : ‘आप्पाचं चुकलं. कोरड्या भाकरीला जे लावून खायाचं त्ये कोरड्यास. पातळ बी चालतंय.’ आणि त्याच्याखाली आप्पांनी स्वतः, पहाटे उठून लिहिलं होतं : ‘मान्य. दुरुस्ती केली आहे. अर्थ सांगणारे : गुंडप्पा आण्णा.’

आण्णांनी ते दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं पूर्णपणे बरोबर निघालं होतं आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

“काडलं का न्हाई पन?” ते दुखावल्या सुरात म्हणाले. “माज्यासारख्यानं येवडं लिवलं, अन् तुमी काडलं सुदा न्हाई? मंग आता मी भांडू कुनाशी?”

आप्पा झोपाळ्यावर बसले, शेजारची उशी झटकली आणि सरकून जागा केली.

“माज्याशीच भांडा की, आण्णा,” ते म्हणाले. “हितंच. जागा लई हाय.”